घटक ७ : निसर्गक्षेत्रातील अध्ययन आणि क्षेत्रनोंदीचे लेखन

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर शैक्षणिक संस्थेच्या ताब्यातील निसर्गक्षेत्राचा अध्यापनासाठी उपयोग कसा होतो, हे तुम्हांला सांगता येईल. क्षेत्रनोंद हा लेखनप्रकार ललित निसर्गलेखनापासून वेगळा ओळखता येईल आणि स्वतः निवडलेल्या जागेची नोंद मराठीत नेमकेपणाने लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकांत आपण प्रवासवर्णन आणि ललित निबंध यांचा परिचय करून घेतला. या घटकात त्यांच्याहून दिसायला साधा, परंतु शिस्तीच्या दृष्टीने अधिक अवघड असा गद्यप्रकार आपल्यासमोर आहे. प्रत्यक्ष जागेवर उभे राहून जे पाहिले आणि ऐकले ते तिथल्या तिथे, दिनांक आणि वेळेसह लिहून ठेवणे, म्हणजे क्षेत्रनोंद.

मराठीच्या अभ्यासक्रमात या विषयाचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. क्षेत्रकार्य हा विज्ञानशाखेचा प्रांत असल्याचा समज आपल्याकडे दृढ आहे. तो फारसा खरा नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या अध्यापनासाठी आलेले पॅट्रिक गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. शहर असो वा गाव, ते पायांनी फिरून पाहावे आणि मगच त्याविषयी बोलावे, अशी त्यांची पद्धत होती. आपल्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की नोंद ही अखेर भाषेतच होते. जे पाहिले त्यासाठी योग्य शब्द नसेल, तर पाहिलेले हातातून निसटते. 'ओढ्याच्या पलीकडे एक झाड होते' या वाक्यात ओढाही हरवतो आणि झाडही.

७.२ विद्यापीठाच्या मालकीचे एक रान

संस्थेच्या ताब्यातील निसर्गक्षेत्र म्हणजे काय, हे समजण्यासाठी एक प्रसिद्ध उदाहरण सविस्तर पाहू. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहराच्या वायव्येस, टेम्स नदीच्या वळणात, वायटम नावाची टेकडी आहे. तिच्यावर सुमारे एक हजार एकरांचे रान आहे. रेमंड फेनेल या जमीनमालकाने १९४० च्या दशकाच्या आरंभी हे रान आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या स्वाधीन केले. मुलांनी उघड्यावर शिकावे याविषयी या कुटुंबाला मुळातच आस्था होती.

या रानात दोन कामे उभी राहिली. पहिले चार्ल्स एल्टन यांचे. परिसंस्थाशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. वायटममध्ये कोणता प्राणी कोठे आढळला, कशावर बसला होता, काय खात होता, याच्या नोंदी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन दशके साठवल्या. नोंदी एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून जागेचे वर्णन ठरावीक शब्दांत करण्याचा त्यांचा आग्रह होता. उघडी जमीन, गवताळ जागा, झुडपांची जागा आणि वृक्षांची जागा असे ढोबळ विभाग त्यांनी पाडले. या साऱ्यातून त्यांचा 'द पॅटर्न ऑफ ॲनिमल कम्युनिटीज' हा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरे काम डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये सुरू केले. ग्रेट टिट हा चिमणीएवढा पक्षी (आपल्याकडे या कुळातील पक्ष्यांना वल्गुली म्हणतात) झाडाच्या ढोलीत घरटे करतो. ढोलीऐवजी लाकडी पेटी टांगली तर तीही त्याला चालते. लॅक यांनी अशा पेट्या टांगल्या आणि पहिले अंडे कोणत्या दिवशी घातले गेले, अंडी किती, पिल्ले किती उडाली, हे दरवर्षी लिहून ठेवण्यास आरंभ केला. आज या रानात अशा हजाराहून अधिक पेट्या आहेत. लॅक १९७३ मध्ये निवर्तले, पण नोंद थांबलेली नाही. शिक्षक बदलले, विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या. प्रश्न तोच राहिला : पहिले अंडे केव्हा?

याच रानात जॉर्ज व्हार्ली आणि जॉर्ज ग्रॅडवेल यांनी १९५० पासून एका पतंगाचा अभ्यास केला. या पतंगाच्या मादीला उडता येण्याजोगे पंख नसतात. हिवाळ्याच्या तोंडाशी ती जमिनीतून बाहेर येते आणि ओक वृक्षाच्या खोडावरून चालत वर चढते. खोडावर सापळे बसवले की किती माद्या वर गेल्या हे सरळ मोजता येते. वसंतात ओकची पालवी फुटते त्या सुमारास अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि कोवळी पाने खातात. ग्रेट टिटची जोडी आपल्या पिल्लांना दिवसाकाठी अशा शेकडो अळ्या भरवते. म्हणजे पालवी, अळी आणि पिल्लू या तिघांचा मेळ वेळेवर बसावा लागतो.

आता या नोंदींचे पुढे काय झाले पाहा. साठच्या दशकाच्या तुलनेत हे पक्षी सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालू लागल्याचे पुढे ध्यानात आले. वसंत लवकर उबदार होऊ लागला होता आणि पक्षी त्यामागे सरकत होते. लॅक यांनी १९४७ मध्ये वही उघडली तेव्हा हवामानबदल हा त्यांचा विषय नव्हता. पक्ष्यांची संख्या कशाने मर्यादित राहते, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाच्या पलीकडचे उत्तर त्या नोंदींतून निघाले, कारण प्रत्येक नोंदीवर दिनांक होता, जागा निश्चित होती आणि लिहिणाऱ्याने आपल्या मनचे काही त्यात मिसळलेले नव्हते.

७.३ संस्थेचे क्षेत्र आणि सहल

महाविद्यालयांतून निसर्गसहली निघतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु सहलीत जागा एकदाच दिसते, आणि एकदा पाहिलेल्या जागेविषयी 'आहे' एवढेच म्हणता येते. 'बदलले' असे म्हणता येत नाही. संस्थेच्या स्वतःच्या क्षेत्राचे मोल येथे आहे. तेथे परत जाता येते. झाडाला क्रमांक देता येतो. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची वही यंदाच्या विद्यार्थ्यांच्या हाती देता येते. सरकारी अभयारण्यात साधी खूण करण्यासाठीही परवानगी लागते. स्वतःच्या आवारात ती अडचण येत नाही.

अशा क्षेत्रातील अध्यापन बहुधा एका लहान प्रश्नापासून सुरू होते. उदाहरणार्थ, पायवाटेलगत आणि पायवाटेपासून दहा पावलांवर उगवणारे गवत सारखेच असते का? विद्यार्थी एक मीटर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर ठेवतात, आतील वनस्पतींचे प्रकार मोजतात, चौकट दुसरीकडे नेऊन पुन्हा मोजतात. दोघांच्या जोडीत एक पाहतो आणि दुसरा लिहितो; मग कामे बदलतात. शिक्षकाने या वेळी शक्यतो गप्प राहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. झाडाचे नाव सांगून टाकले की विद्यार्थी पान पाहणे थांबवतो.

एक खंत मात्र नोंदवली पाहिजे. आपल्याकडे काही आवारांत राखीव क्षेत्राचा फलक लागतो आणि मागोमाग सुशोभीकरण येते. झुडपे काढली जातात, पालापाचोळा जाळला जातो, हिरवळ अंथरली जाते. ज्याला कचरा म्हणून जाळले त्याच पाचोळ्याखाली अभ्यासाचा निम्मा विषय होता.

७.४ नोंदीची भाषा

पुढील दोन नमुने या घटकासाठी तयार केले आहेत. दोन्ही दख्खनच्या पठारावरील एका टेकडीचे आणि मे महिन्यातील आहेत, असे समजा.

नमुना १ : "आज सकाळी आम्ही टेकडीवर गेलो. निसर्गाचे विलोभनीय रूप पाहून मन प्रसन्न झाले. पक्ष्यांचा मधुर किलबिलाट चालू होता. धरतीने जणू हिरवा शालू परिधान केला होता."

नमुना २ : "१२ मे २०२४, रविवार. सकाळी ६.४० ते ७.१०. आकाश निरभ्र, वारा नाही. ओढ्याकाठचे उंबर, देवळाकडील बाजू. ओढा कोरडा, डोहात घोट्याइतके पाणी. उंबराला फळे, बहुतेक हिरवी. खाली पडलेली लाल फळे २०-२५. तांबट २, एकाच फांदीवर, फळे टोचताना पाहिले. कोकिळाचा आवाज पूर्वेकडून. पक्षी दिसला नाही. शेजारच्या बाभळीवर कावळ्याचे घरटे, एक कावळा आत बसलेला. अंडी उबवत असावा (अनुमान). गुराख्याने सांगितले : महिन्यापूर्वी हे घरटे नव्हते."

पहिल्या नमुन्यातील शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. मे महिन्यात या भागातील टेकडीवरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते. तो हिरवा शालू लिहिणाऱ्याने पाहिलेला नाही; तो वाचलेला आहे. तयार प्रतिमा डोळ्यांच्या आड येते, ती अशी. याचा अर्थ प्रतिमा वाईट असा नव्हे. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र' मधील निबंध प्रतिमांनी समृद्ध आहेत, पण त्या प्रतिमांच्या मुळाशी झाडापाशी थांबून केलेले बारीक निरीक्षण आहे. निबंधाला जे स्वातंत्र्य आहे ते नोंदीला नाही, एवढेच येथे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या नमुन्यात तीन प्रकारची विधाने वेगवेगळी ठेवली आहेत : पाहिलेले, अनुमान केलेले आणि दुसऱ्याने सांगितलेले. 'टोचताना पाहिले', 'उबवत असावा', 'गुराख्याने सांगितले' या तीन क्रियारूपांतील भेद मराठी व्याकरणाने आपल्या हाती आयताच दिला आहे. तो नोंदीत कसोशीने पाळावा. 'दिसला नाही' हेही विधान आहे. ते गाळू नये.

या नोंदीत कोकीळ आणि कावळा शेजारी शेजारी आले आहेत, पण त्यांचा संबंध लिहिलेला नाही. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे आपण ऐकून असतो. तीन-चार वर्षे याच जागेवर कोकिळाची पहिली हाक आणि कावळ्याच्या घरट्याची पहिली काडी यांचे दिनांक लिहिले, तर ते दोन दिनांक एकमेकांना धरून चालतात का, हे पाहता येईल. वायटमच्या पालवी-अळी-पिल्लू या साखळीसारखाच हा प्रश्न आहे आणि त्यासाठी एक वही पुरते.

आता शब्दांविषयी. एल्टन यांना जागेचे विभाग पाडून नावे द्यावी लागली. मराठीत माळ, कुरण, राई, सडा, कातळ, घळ, टेकाड, खाचर, पाणवठा, डोह असे किती तरी शब्द वापरातच आहेत. मात्र ते प्रदेशानुसार बदलतात. कोकणात ज्याला सडा म्हणतात, तो शब्द विदर्भातील वाचकाला उमगेलच असे नाही. म्हणून स्थानिक शब्द लिहावा आणि पहिल्या वेळी त्याचा अर्थ एका वाक्यात द्यावा. काळाचेही तसेच. 'मृगाच्या आधी चार दिवस' ही शेतकऱ्याच्या तोंडची भाषा मोलाची आहे. ती लिहावी, परंतु शेजारी इंग्रजी महिन्याचा दिनांकही लिहावा.

मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात सेवा करताना रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची नावे गोळा केली; 'पक्षीकोश' सारखे त्यांचे काम त्या ऐकण्यावर उभे आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी नावे जाणणारे कोणी तरी असेल. त्या व्यक्तीकडून मिळालेला शब्द तिच्या संमतीने, तिच्या नावासह नोंदवा. ज्ञान तिचे आहे, वही तुमची.

७.५ तुमचे क्षेत्र

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला आवार नसते. तुमच्यापैकी कोणी नोकरी करतात, कोणी शेती, कोणी घर सांभाळून रात्री पुस्तक उघडतात. अभ्यासकेंद्र ज्या महाविद्यालयात आहे तेथे राखलेली जागा असेल, तर संपर्कसत्राच्या दिवशी परवानगी घेऊन ती अवश्य वापरा. नसेल तर विहिरीचा काठ, शाळेमागचा बांध, बसथांब्याजवळचा पिंपळ, यांपैकी काहीही चालेल. अट एकच : पंधरा दिवसांतून एकदा, वीस मिनिटे, तेथे परत जाणे तुम्हांला जमले पाहिजे. दूरच्या सुंदर जागेपेक्षा वाटेवरची सामान्य जागा निवडावी.

गावाजवळ देवराई असल्यास ती उत्तम. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला आणि श्रद्धेने राखलेल्या या वनखंडांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. मात्र देवराई ही गावाची आहे. तेथील नियम आधी विचारून घ्या आणि पान तोडण्याचीही मुभा नसेल तर तोडू नका.

घरट्याजवळ जाऊ नका, त्याची छायाचित्रे जवळून काढू नका. घाबरलेला पक्षी घरटे सोडतो आणि मग अंडी कावळ्याच्या किंवा उन्हाच्या स्वाधीन होतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना इजा पोहोचवणे हा गुन्हा आहे. एखादी दुर्मीळ वनस्पती सापडल्यास तिची नेमकी जागा सर्वांना कळवत सुटू नये. फक्त वहीत लिहावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) नमुना १ मधील कोणती विधाने प्रत्यक्ष जागेवर न जाताही लिहिता आली असती? कारणे द्या.
(आ) वायटममधील नोंदींचा उपयोग नोंद करणाऱ्यांच्या मूळ प्रश्नापलीकडे कसा झाला, ते लिहा.
(इ) तुमच्या बोलीतील जमीन, पाणी आणि झाडी यांसंबंधीचे दहा शब्द अर्थासह लिहा.

७.६ क्षेत्रकार्य

एक जागा निवडा. तिची सीमा चार खुणांनी ठरवा आणि पहिल्या पानावर हाताने नकाशा काढा. उत्तर दिशा दाखवा. पुढील तीन महिन्यांत किमान सहा वेळा, शक्यतो एकाच वेळी, तेथे जा आणि नमुना २ प्रमाणे नोंद करा. नोंद जागेवरच लिहावी. घरी येऊन ती सुवाच्य करण्याचा मोह टाळावा. खाडाखोड असलेली मूळ पानेच सादर करावीत. सहाव्या नोंदीनंतर सर्व नोंदी सलग वाचा आणि त्यांतून सुचलेला एकच प्रश्न शेवटच्या पानावर लिहा. उत्तर अपेक्षित नाही. वही अभ्यासकेंद्रात जमा करण्यापूर्वी तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच तारखांना त्याच जागी उभे राहता येईल.