दीपकाडी

आमची शाळा सड्याच्या कडेला आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे मोठे सपाट मैदान. आमचे गाव राजापूर तालुक्यात आहे. सड्यावर उभे राहिले की लांब समुद्र दिसतो. मे महिन्यात कातळ इतका तापतो की अनवाणी चालवत नाही. पण मृगाचा पाऊस पडून काही दिवस झाले की तिथेच दीपकाडी फुलते. सीतेची आसवे आणि तेरडा त्याच्या नंतर येतात.

आम्ही तिला नुसते पांढरे फूल म्हणायचो. नाव गुरुजींनी सांगितले. मला वाटले, दिव्याची काडी! पण शास्त्रातले नाव डिपकॅडी कोंकानेन्सी आहे, त्यावरून दीपकाडी झाले. डालझेल नावाच्या साहेबाने 1850 साली तिची माहिती पहिल्यांदा छापली. ही भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या सड्यांवरच उगवते, जगात दुसरीकडे नाही. आणि आम्ही तिच्यावरून गुरे नेत होतो.

तिची पाने लांब व अरुंद असतात. मधून एक दांडा येतो, त्याला पांढरी फुले लागतात. फूल खाली नळीसारखे असते, वर त्याच्या सहा पाकळ्या होतात. नंतर बोंड धरते. बोंडाचे तीन भाग असतात आणि आत काळे चपटे बी असते. जमिनीखाली कांदा असतो. पावसानंतर वरचे सगळे वाळून जाते, कांदा तेवढा जिवंत राहतो.

गेल्या पावसाळ्यात मी एक झाड कांद्यासकट उपटून घरी आणले. तुळशीजवळ शेणखत घालून लावले. पाने वाळली तरी रोज पाणी घातले. आजी म्हणाली, "आगो, त्यो कांदा झोपलाय, त्येला पानी कशाला घालतंस?" मी ऐकले नाही. नंतर उकरून बघितले तर कांदा कुजून गेला होता. मला फार वाईट वाटले.

यंदा मे महिन्यात आमच्या काकांनी सड्यावरच्या आमच्या जागेत आंब्याची कलमे लावायचे ठरवले. त्यासाठी कातळात सुरुंग लावतात, खड्डे करतात आणि बाहेरून माती आणून भरतात. मग दीपकाडी उरत नाही. मी काकांना सांगितले तर ते म्हणाले, "फुलं काय बाजारात इकायची हायत? कलमांना पैसे पडतात." ते पण खरे आहे. माझ्या ताईची फी आंब्यावरच भरतात. पण काकांनी आम्हाला एक रविवार दिला.

गेल्या पावसात गुरुजींनी आमच्याकडून प्रत्येक फुलाजवळ तीन दगड रचून घेतले होते. म्हणून सुक्या कातळावर सुद्धा जागा सापडल्या. नाहीतर काही दिसले नसते. आम्हाला अकरा कांदे मिळाले. ते शाळेमागच्या कातळाच्या खळग्यात सड्याचीच माती घालून लावले. खत नाही, पाणी नाही. नुसती पावसाची वाट बघितली. सात उगवले, चारांना फुले आली. बाकीचे चार का उगवले नाहीत ते अजून उकरून बघितले नाही. गुरुजी म्हणाले, राहू दे.

जे झाड धोक्यात नाही त्याचा कांदा काढायचा नाही, थोडे बी घ्यायचे. गेल्या वर्षीचे बी आम्ही जूनमध्ये फुटक्या घमेल्यात पेरले. नऊ रोपे आली. ती अगदी गवतासारखी दिसतात. दुसरीतल्या एका मुलाने शाळा साफ करताना गवत समजून चार उपटली! आता पाच आहेत. घमेल्याजवळ मी पाटी लावली आहे, ‘हे गवत नाही’.

काकांची कलमे लागली. पण जिथे कातळशिल्प आहे तो तुकडा त्यांनी तसाच ठेवला. कोकणातली कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, ते त्यांनी पेपरात वाचले होते. त्या तुकड्यात मी सहा दीपकाड्या मोजल्या. काकांना अजून सांगितलेले नाही.

बियांच्या रोपांना फूल यायला काही वर्षे लागतात. तेव्हा मी हायस्कूलात असेन. पाटी पुसली गेली तर कोणीतरी पुन्हा लिहा.

इयत्ता चौथी