ऑपरेशनआधी नसांविषयी विचारा

गुदाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं की घरात एकच प्रश्न असतो: गाठ पूर्ण निघेल ना? आमच्याकडेही तोच होता. गाठ पूर्ण निघाली, रिपोर्ट चांगला आला. पण लघवीची नळी काढल्यावर मला लघवी लागल्याची जाणीवच होईना. ओटीपोट जड, कपडे ओले. थेंबथेंब गळत होतं म्हणून वॉर्डात ‘लघवी होते’ अशी नोंद झाली आणि मला घरी सोडलं. पुढे सोनोग्राफीत मूत्राशय तुडुंब भरलेलं दिसलं. ते स्वतःहून आकुंचन पावत नव्हतं. मावेनासं झालेलं तेवढं बाहेर सांडत होतं.

असं का झालं, ते एका मूत्ररोगतज्ज्ञांनी कागदावर आकृती काढून समजावलं. मूत्राशय, गुदद्वार आणि लैंगिक अवयव यांच्याकडे जाणाऱ्या नसा गुदाशयाच्या अगदी लगत असतात. काही पाठीच्या कण्यासमोरून खाली उतरतात, काही त्रिकास्थीच्या छिद्रांतून येतात, आणि गुदाशयाच्या दोन्ही बाजूंना त्यांचं जाळं होतं. त्रिकास्थीतून येणाऱ्या नसा दुखावल्या तर मूत्राशय रिकामं होत नाही. त्या ताणल्या गेल्या असतील तर काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारणा होऊ शकते. तुटल्या असतील तर आशा फार कमी.

1982 मध्ये इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी गुदाशय भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढण्याची पद्धत मांडली. त्यामुळे त्याच जागी कर्करोग उलटण्याचं प्रमाण खूप घटलं. नसा या आवरणाच्या लगेच बाहेर असतात. सर्जन योग्य थरात राहिला तर गाठही निघते आणि नसाही वाचतात. पण कमरेच्या हाडांमधली जागा अरुंद. त्यात रेडिएशन झालेलं असेल, गाठ खाली असेल, तर तो थर नुसत्या नजरेने ओळखणं अनुभवी सर्जनलाही जड जातं.

इथे नसांचं मॉनिटरिंग कामी येतं. सर्जन नस वाटणाऱ्या धाग्याला बारीक टोकाच्या उपकरणाने अगदी सौम्य विद्युतप्रवाह देतात. गुदद्वाराच्या स्नायूत टोचलेल्या सुईसारख्या इलेक्ट्रोडवर त्याचा प्रतिसाद उमटतो, आणि नळीवाटे मोजला जाणारा मूत्राशयातला दाब वाढतो. नस कुठे आहे आणि अजून काम करते आहे का, हे कापण्याआधीच कळतं. जर्मनीत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या तुलनात्मक चाचणीत मॉनिटरिंग केलेल्या रुग्णांची लघवीची स्थिती वर्षभरानंतर अधिक चांगली राहिली. पण तुटलेली नस हे यंत्र जोडून देत नाही, आणि गाठ नसेतच शिरली असेल तर ती नस काढावीच लागते. सर्जनचा हात महत्त्वाचा तो महत्त्वाचाच.

हे यंत्र बहुतेक रुग्णालयांत नाही. म्हणून प्रश्न विचारणं थांबवू नका. माझ्या एमआरआयमध्ये गाठ नसांच्या किती जवळ दिसते? तुम्ही नसा शोधून, पाहून वाचवता का? एखाद्या बाजूच्या नसा काढाव्या लागतील का, आणि तसं झालं तर मला सांगाल ना? त्रासलेल्या पेशंटचा प्रश्न म्हणून कोणी हे झटकलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. जीव वाचवण्यासोबत लघवीचा प्रश्न विचारणं हा कृतघ्नपणा नाही, हे मला ठासून सांगायचं आहे.

ऑपरेशनआधी लघवीचा वेग आणि लघवी केल्यावर आत उरणारं प्रमाण मोजून घ्या. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर नक्कीच. आधीचा आकडाच नसेल, तर नंतरचं दुखणं नवं की जुनं हे ठरवताच येत नाही. माझ्या फाईलमध्ये तो नव्हता. लैंगिक आयुष्याबद्दलही बोला. पुरुषांना निदान ताठरतेबद्दल कधीतरी विचारतात. बाईला, त्यातून माझ्या वयाच्या बाईला, योनीतला ओलावा किंवा संवेदना जाऊ शकते हे कुणी सांगत नाही. त्याही नसा याच जाळ्यातून जातात. तुम्हीच विषय काढा. जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

नळी काढल्यावर ‘लघवी झाली’ एवढ्यावर घरी जाऊ नका. आत किती उरली ते सोनोग्राफीवर मोजायला लावा. मूत्राशय रिकामं होत नसेल तर ठरावीक वेळाने स्वतः स्वच्छ नळी घालून लघवी काढायला शिकता येतं. अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी ही पद्धत 1972 मध्ये मांडली. हात साबणाने धुवायचे, सहसा दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालायची. सुरुवातीला आरसा लागतो आणि लाज वाटते, पुढे सवय होते. नर्सकडून रुग्णालयातच शिकून घ्या, घरातल्या एकाला सोबत बसवा. थंडी वाजून ताप आला किंवा बरगड्यांखाली पाठीत दुखू लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.