जुन्या फटफटीस मोठा दट्ट्या बसविण्यापूर्वी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ज्या घरी जुनी बुलेट फटफटी आहे, त्या घरी ती बहुधा आजोबांच्या काळापासून चालत आलेली असते. ती धूर सोडू लागली, राजूर घाट चढताना तिला दम लागू लागला, की घरातील तरुण म्हणतो, 'आता हिला मोठा पिस्टन टाकू. खर्च थोडा आणि जोर दुप्पट.' पिस्टन, रिंगा, पिन व लॉक असा संच बाजारात स्वस्तात मिळतो. म्हणून ही सूचना वडील मंडळींसही पटते. ती कितपत ग्राह्य आहे, हे ठरविण्यास दहावीचे गणित व थोडे पदार्थविज्ञान पुरेसे आहे. त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. एंजिनाच्या नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरात, दट्ट्या खालीवर होतो. त्यासच कारागीर पिस्टन म्हणतात. पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण पेटले म्हणजे त्याच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जातो व ती गती दांड्याच्या द्वारे क्रँकास मिळते. नळकांड्याच्या आतील व्यासास बोअर व दट्ट्याच्या धावेस स्ट्रोक अशी नावे आहेत. आपल्याकडे 'बोअर' म्हटले की विहिरीची आठवण होते. परंतु विहिरीचा बोअर चुकला तर दुसरीकडे घेता येतो, नळकांड्याचा चुकला तर कोरून काढलेले लोखंड परत येत नाही.

बुलेट ही मूळची इंग्लंडातील रॉयल एनफील्ड कंपनीची. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली व ही गाडी हिंदुस्थानात तयार होऊ लागली. तिच्या जुन्या ३५० एंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर व स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावून पाहा: त्रिज्या ३.५ सेंटिमीटर, उंची ९ सेंटिमीटर. घनफळ सुमारे ३४६ घन सेंटिमीटर येते. हीच त्या एंजिनाची क्षमता होय.

आता बोअर १ मिलिमीटरने वाढवू. घनफळ सुमारे ३५६ होते. म्हणजे वाढ शेकडा तीनहूनही कमी. २ मिलिमीटरने वाढविला तर ते ३६६ होते. वाढ शेकडा सहाच्या आत. तेव्हा 'दुप्पट जोर' ही निव्वळ कल्पना ठरते. झिजलेल्या गाडीत नवा दट्ट्या बसविल्यावर जो फरक जाणवतो, तो बहुतांशी निसटणारा दाब पुन्हा कोंडला गेल्याचा असतो, वाढलेल्या घनफळाचा नव्हे.

मग कोणी म्हणेल, बोअर एकदम ८४ मिलिमीटर का करू नये? ५०० च्या बुलेटचा बोअर तेवढाच आहे, आणि स्ट्रोक तर दोहींचा सारखाच. उत्तर असे की, ३५० च्या नळकांड्याची भिंत इतकी जाड नसते. त्यासाठी नळकांडे व वरचे डोके दोन्ही बदलावी लागतात आणि खालच्या पेटीचे तोंडही मोठे करावे लागते. शिवाय भाराचा विचार करा. ७० मिलिमीटरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटिमीटर, तर ८४ च्या दट्ट्याचे ५५.४ आहे. स्फोटाच्या क्षणी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३० किलो भार पडतो असे धरले, तर पहिल्यावर साडेअकरा क्विंटल व दुसऱ्यावर साडेसोळा क्विंटलांहून अधिक भार येतो. जुन्या बुलेटच्या दांड्याच्या खालच्या टोकास गोळ्यांची बेअरिंग नसून तेलावर तरंगणारी बुश असते. वाढलेला भार शेवटी त्या बुशीवर, त्या क्रँकावर आणि त्याच जुन्या ब्रेकांवर येतो. बैलजोडी तीच ठेवून गाडीत पाच क्विंटल कापूस जास्त घालावा, तसा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. नळकांडे बिडाचे आणि दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तापमान १०० अंशांनी वाढले असता ७० मिलिमीटरचा दट्ट्या सुमारे ०.१४ मिलिमीटर फुगतो, तर बिडाचे नळकांडे सुमारे ०.०८ च फुगते. हा जो ०.०६ चा फरक, म्हणजे जवळजवळ केसाएवढा, तो आधीच मोकळा ठेवलेला नसेल, तर दट्ट्या जाम होतो व चालत्या गाडीचे मागील चाक आवळले जाते. उन्हाळ्यात मलकापूर-खामगावच्या मैदानात पारा चाळिशी ओलांडतो आणि घाटात गाडी हळू चालल्याने एंजिनास वारा कमी लागतो. तेथेच या केसभर जागेची परीक्षा होते. सर्व दट्ट्यांची धातू सारखी नसते. ठोकून घडविलेला दट्ट्या ओतीव दट्ट्यापेक्षा सामान्यतः अधिक फुगतो. म्हणून नियम असा: आधी दट्ट्या हाती घ्यावा, तो मोजावा, आणि मग त्याच्या मापाने नळकांडे कोरवून घ्यावे. ज्या स्वस्त संचावर ही मोकळीक लिहिलेली नसते, त्याची निम्मी किंमत आपण अंधारात मोजतो.

प्रत्यक्ष कामाचा क्रम येणेप्रमाणे असावा. आरंभी रोग ओळखावा. प्लगाच्या भोकातून चमचाभर तेल घालून किक मारावी. दाब वाढला तर झीज रिंगांची किंवा नळकांड्याची. न वाढला तर दोष झडपांकडे असण्याचा संभव अधिक, व मग मोठा दट्ट्या बसवून काहीच साधणार नाही. नंतर नळकांड्याचा व्यास वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांशी काटकोनात अशा दोन दिशांनी मोजावा. वरच्या भागी झीज अधिक असते व भोक अंडाकृती झालेले आढळते. जेवढ्याने हे भोक पुन्हा वर्तुळ होईल, तेवढेच लोखंड काढावे. कोरल्यावर होनिंग करून भिंतीवर तिरप्या बारीक रेघा पाडतात, कारण त्यांत तेल टिकते. मग गरम पाणी व साबण यांनी ती इतकी धुवावी की पांढरे फडके फिरविले असता पांढरेच बाहेर यावे. रिंग नळकांड्यात सरळ बसवून तिच्या दोन टोकांतील फट पात्यांच्या गेजाने मोजावी. या मापाच्या नळकांड्यास ती साधारणतः पाव मिलिमीटरहून थोडी अधिक लागते. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ देऊ नयेत. पिनेचे लॉक दर वेळी नवे घालावे. शेवटी पहिले ५०० ते १,००० किलोमीटर गाडी सौम्य गतीने चालवावी.

राजदूत किंवा यामाहा आरएक्स १०० यांसारख्या दोन धावांच्या एंजिनात आणखी एक जोखीम असते. त्यांच्या नळकांड्याच्या भिंतीतच वायूच्या खिडक्या असतात. कोरल्यानंतर त्या खिडक्यांच्या धारदार कडा हलकेच घासून बोथट केल्या नाहीत, तर रिंग त्यांत अडकून मोडते.

आता कायद्याकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपुस्तकातील माहितीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करण्यास मनाई करते, आणि एंजिनाची क्षमता त्या पुस्तकात नोंदलेली असते. २०२१ साली केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी या मानास पात्र होते. परंतु ती मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि तिच्या एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे थोड्या जोराच्या लोभाने आजोबांच्या गाडीचा हा मान कायमचा जाऊ शकतो.

पालकांनी ध्यानात घ्यावे की संचाची किंमत हा खर्चाचा लहानसा भाग आहे. मोजणी, लेथवरील काम, होनिंग, नवे पॅकिंग व तेल हे सर्व मिळून खरा खर्च होतो. तेथे काटकसर केली, तर चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागल्यावाचून राहत नाही. मुलांनीही विसरू नये की गिअरची फटफटी चालविण्याचा परवाना अठराव्या वर्षानंतरच मिळतो. मापे घेण्यास मात्र वयाची अट नाही. घरी अशी गाडी असेल तर येत्या सुटीत अनुभवी मिस्त्रीजवळ बसून तिच्या नळकांड्याची सहा मापे घ्यावी, ती वहीत लिहावी व घनफळ काढावे. लोखंड कोरावे की नाही, हा निर्णय त्या वहीतील आकड्यांवरून व्हावा, दुकानातील खोक्यावरच्या चित्रावरून होऊ नये.