वृद्धांमधील सेप्सिस : तापाविना येणारे संकट

जंतुसंसर्ग झाला की शरीर त्याचा प्रतिकार करते. काही वेळा हा प्रतिकार ताळतंत्र सोडतो आणि आपल्याच मूत्रपिंडांना, फुप्फुसांना, हृदयाला व मेंदूला इजा पोहोचवू लागतो. या अवस्थेस वैद्यकशास्त्रात 'सेप्सिस' म्हणतात. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख व्यक्तींना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते.

वृद्धांनाच धोका अधिक का?

वाढत्या वयात प्रतिकारशक्ती मंदावते. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोगावरील उपचार, लघवीसाठी घातलेली नळी, अंथरुणाला खिळल्याने पाठीस झालेल्या जखमा यांमुळे जंतूंना वाट मिळते. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेही रुग्णाच्या पायाची दुर्लक्षित जखम यांतूनही सेप्सिसचा आरंभ होऊ शकतो. नवजात अर्भके व बाळंतिणी यांनाही हा धोका आहे.

वृद्धांच्या बाबतीत मोठी अडचण ही, की पुष्कळदा ताप येतच नाही. उलट अंग गार पडू शकते. म्हणून पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे :

- एकाएकी बरळणे, माणसे न ओळखणे किंवा सतत गुंगीत राहणे
- श्वास जलद होणे, धाप लागणे
- लघवी फार कमी होणे
- हातपाय गार पडणे, त्वचा निळसर दिसणे
- अन्नपाणी सोडणे, उठता न येणे

'वय झाले, असे व्हायचेच' असे म्हणून यांकडे काणाडोळा करू नये. कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज असंबद्ध बोलत असेल, तर तो वयाचा नव्हे, आजाराचा परिणाम समजावा.

आपल्या जिल्ह्याची विशेष अडचण

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. अनेक घरांत वृद्ध मागे राहतात. त्यांच्या वागण्यातील बदल ओळखणारे माणूसच जवळ नसते. म्हणून शेजारी, भावकी व आशाताई यांनी या महिन्यांत एकट्या वृद्धांची रोज विचारपूस करावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

वेळेचा हिशेब

आमचे काम हिशेबाचे. परंतु येथे पैशापेक्षा तासांचा हिशेब मोठा आहे. रक्तदाब घसरलेला असल्यास शक्यतो तासाभरात प्रतिजैविके सुरू व्हावीत, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्र सांगते. सोबत शिरेतून सलाईन, प्राणवायू व रक्ततपासणी आवश्यक असते. उरलेल्या गोळ्या घरी देऊन वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पैशाअभावीही थांबू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, तातडीच्या रुग्णास धर्मादाय रुग्णालयाने त्वरित दाखल करून घ्यावयाचे असते व त्यासाठी अनामत रक्कम मागता येत नाही. निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटांची तरतूदही त्यात आहे.

देणगीदारांच्या साहाय्यातून येणारी औषधे व उपकरणे या पहिल्या काही तासांतच कामी येतात. परंतु रुग्ण वेळेत दारी पोहोचला, तरच त्या दानाचे सार्थक होते. ते पहिले पाऊल कुटुंबाने व शेजाऱ्यांनी उचलावयाचे आहे. पुढील जबाबदारी रुग्णालयाची.