जनमैत्री ते छात्र पोलीस : केरळचा अनुभव

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ हे विषय राज्यसूचीत अनुक्रमे पहिल्या व दुसऱ्या क्रमांकावर येतात. साहजिकच पोलीस आणि समाज यांच्यातील अंतर कमी करण्याचे प्रयोग प्रामुख्याने राज्यांच्या पातळीवर झाले. १८६१ चा पोलीस कायदा १८५७ च्या उठावानंतरच्या परिस्थितीत घडला. रयतेवर वचक ठेवणे हा त्याचा हेतू होता, तिचा विश्वास संपादन करणे हा नव्हे. तो वारसा मागे टाकण्याच्या प्रयत्नांत केरळचा अनुभव विशेष अभ्यासनीय आहे.

केरळने २००८ मध्ये निवडक २० पोलीस ठाण्यांत ‘जनमैत्री सुरक्षा’ प्रकल्प सुरू केला. सुमारे ५०० घरांचा टापू एका बीट अधिकाऱ्याकडे सोपवावा, त्याने घरोघरी जाऊन परिचय करून घ्यावा आणि ठाण्याच्या पातळीवर नागरिकांच्या समितीने दरमहा बैठक घ्यावी, अशी ही रचना. तिच्यामागील आर्थिक तर्क सोपा आहे. गुन्ह्याविषयीची माहिती वस्तीकडे असते, कारवाईचा अधिकार ठाण्याकडे. परिचित पोलिसाला माहिती सांगण्याची किंमत, म्हणजे भीती, हेलपाटे आणि बुडालेली मजुरी, कमी पडते. मात्र घरभेटीत होणारी नोंद उद्या पाळतीचे साधनही होऊ शकते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिल्यानंतर हा प्रश्न अधिकच गंभीर झाला आहे.

याच विचाराचा विस्तार शाळांत झाला. २ ऑगस्ट २०१० रोजी केरळमध्ये ‘छात्र पोलीस’ योजना १२७ शाळांतील ११,१७६ विद्यार्थ्यांसह सुरू झाली. आठवीपासून दोन वर्षे, प्रत्येक तुकडीत २२ मुली व २२ मुलगे. कवायत, कायद्याची ओळख, क्षेत्रभेटी, सुटीतील शिबिरे असा तिचा क्रम. गृह आणि शिक्षण या दोन विभागांनी ती संयुक्तपणे चालवली. शाळेतील प्रशिक्षित शिक्षक आणि स्थानिक ठाण्यातील पोलीस एकत्र काम करतात. मुलांमधून भावी पोलीस निवडणे हा योजनेचा उद्देश नाही, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

२१ जुलै २०१८ रोजी गुरुग्राम येथे केंद्र सरकारने ही योजना देशपातळीवर आणली. राज्यांसाठी ६७ कोटी रुपये आणि प्रत्येक शाळेस शैक्षणिक साहित्य, प्रशिक्षण व आनुषंगिक खर्चासाठी ५०,००० रुपये अशी तरतूद झाली. इयत्ता आठवी व नववीसाठी महिन्याला एक तासिका, पाठ्यपुस्तक नाही, परीक्षाही नाही. अभ्यासाचा भार वाढू नये ही काळजी रास्तच. पण दोन वर्षांत जेमतेम वीस तासिका होतात. परीक्षेच्या उत्तरांत दोन्ही योजना एकाच नावाखाली नोंदल्या जातात. प्रत्यक्षात त्यांत मुलांना मिळणाऱ्या वेळेचे प्रमाण फार भिन्न आहे.

हा वेळच निर्णायक ठरतो. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपाइन्स आणि युगांडा या सहा देशांत समुदायाधारित पोलीसकार्याच्या प्रयोगांची यादृच्छिक पद्धतीने तपासणी झाली. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार पोलिसांवरील विश्वास वाढला नाही, गुन्हेही घटले नाहीत. वरिष्ठांच्या लेखी या कामाला अग्रक्रम नसणे, अधिकाऱ्यांच्या बदल्या आणि साधनांची टंचाई ही कारणे अभ्यासकांनी पुढे केली. भारताचा त्यांत समावेश नव्हता. तरी ही तिन्ही कारणे भारतीय ठाण्यांना अपरिचित नाहीत. निवडणूक किंवा उत्सवाच्या बंदोबस्तासाठी बीट अधिकारी बाहेर गेला की त्याची ५०० घरे तेवढे दिवस परिचिताविना राहतात. त्याची बदली झाली, तर परिचयाचे काम नव्या माणसाला पहिल्या घरापासून सुरू करावे लागते.