शेततळ्यातील मागूर : आरोग्य, आहार आणि संकराचा प्रश्न

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला डोळखांब परिसर भातशेतीचा आणि मुसळधार पावसाचा आहे. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यांतून वर चढणारे वलगणीचे मासे पकडणे हा येथील ठाकूर, महादेव कोळी व कातकरी कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. भाताला जोडधंदा म्हणून शेततळ्यात मासे पाळू इच्छिणाऱ्यास मागूर विशेष सोयीचा वाटतो, कारण तो थोड्या पाण्यात तगतो आणि बाजारात जिवंत विकला जातो.

मात्र तगणे आणि निरोगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मागुराच्या कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांसारखे एक इंद्रिय असते. त्याच्या साहाय्याने तो हवेतील प्राणवायू घेतो. जे पाणी रोहू-कटल्याला क्षणभरही मानवणार नाही, त्यात तो जिवंत राहतो आणि म्हणूनच पालकाची फसगत होते. पाणी कुजत असल्याची खूण मासा देत नाही. देतो तेव्हा उशीर झालेला असतो. घाण पाण्यात नायट्राइट वाढले की माशाचे रक्त तपकिरी पडते, त्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. अशा वेळी काही पाणी बदलणे व साधे मीठ घालणे उपयोगी ठरते. परांच्या मुळाशी लाली, अंगावर व्रण आणि फुगलेले पोट ही एरोमोनास जिवाणूच्या रोगाची लक्षणे होत. १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात शिरलेला व्रणरोग बुरशीमुळे होतो. पाऊस सरून पाणी थंडावू लागले की त्याचा जोर वाढतो, आणि मरळाप्रमाणे मागूरही त्याला बळी पडतो. यावर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘सिफॅक्स’ हे औषध तयार केले आहे. अतिवृष्टीच्या भागातील माती बहुधा आम्लधर्मी असते. तेथे पावसाळा संपताच गुंठ्याला सुमारे २ किलो चुना देणे हा त्याहून स्वस्त उपाय होय. मागुराच्या अंगावर खवले नसल्याने तीव्र औषधे त्याला लवकर बाधतात, हेही ध्यानी घ्यावे. प्रतिजैविके तर पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून देऊच नयेत.

आहाराच्या बाबतीत बहुतेकांची भिस्त भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड यांवर असते. रोहू-कटल्याला हे मिश्रण पुरते, कारण तळ्यातील सूक्ष्म जीव त्याला पूरक ठरतात. मागूर मात्र मूलतः मांसाहारी आहे. त्याच्या खाद्यात सुमारे ३० टक्के प्रथिने हवीत, पिलांना त्याहून अधिक. क जीवनसत्त्व कमी पडल्यास पाठीचा कणा वाकतो आणि डोक्याच्या कवटीला तडे जातात. अनेकजण हा संसर्ग समजून औषधांवर पैसा घालवतात. हे जीवनसत्त्व साठवणीत झपाट्याने नष्ट होत असल्याने खाद्य तयार झाल्यापासून तीन महिन्यांत संपवावे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पोती जमिनीवर ठेवली तर पेंडीला बुरशी येते. तिच्यातील विष माशाचे यकृत बिघडवते. अशी पेंड ‘वाळवून चालेल’ असे म्हणणे धोक्याचे आहे. वाळवल्याने विष जात नाही. कोंबड्यांची आतडी व सडके मांस फुकट मिळते म्हणून घालण्याची रीत तर सर्वांत वाईट. थायलंडमध्ये अशा खाद्यावर वाढवलेल्या संकरित मागुरांत काविळीचा रोग आढळला आहे.

संकराचा मुद्दा येथे ओघानेच येतो. अमेरिकेत ‘चॅनेल’ व ‘ब्लू’ या दोन मिशीवाल्या जातींचा संकर जलद वाढतो व काही रोगांना अधिक तोंड देतो. परंतु त्या दोन्ही जाती तेथल्याच नद्यांतील आहेत. थायलंडच्या संकरात नर आफ्रिकन मागुराचा असतो. हा आफ्रिकन मासा मीटरभराहून मोठा होतो आणि समोर येईल तो जीव गिळतो. भारतात त्याच्या संवर्धनावर २००० पासून बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याचे साठे नष्ट करण्यात आले. ज्याच्या तळ्यातील मासे असे नष्ट होतात, त्याचे बियाणे, खाद्य आणि वर्षभराचे श्रम सारेच बुडते. देशी मागुराशी संकर झाल्यास पिले मधल्याच रूपाची निपजतात, ती नुसत्या नजरेने ओळखणे कठीण. म्हणून स्वस्त व ‘लवकर वाढणारे’ बी दारोदार विकणाऱ्याकडून घेऊ नये. मत्स्यव्यवसाय विभागाच्या किंवा मान्यताप्राप्त केंद्राचेच बी पावतीसह घ्यावे.

डोळखांबसारख्या ठिकाणी ही दक्षता अधिकच आवश्यक आहे. मुसळधार पावसात तळे भरून वाहते. मागूर तर ओल्या जमिनीवरूनही सरपटत जातो. इकडील ओढे शाई व काळू नद्यांना आणि पुढे उल्हास नदीला मिळतात. तळ्यातून सुटलेला परका मासा याच वाटेने वलगणीच्या माशांत शिरेल आणि एकदा नदीत गेलेला मासा परत गोळा करता येत नाही. तेव्हा देशी मागुरासाठीही तळ्याचा बांध पुराच्या पातळीहून उंच ठेवावा, सांडव्याला बारीक जाळी लावावी आणि बांधावरून मासा चढू नये म्हणून जाळीचे कुंपण मेअखेरीस, मृगापूर्वीच उभारावे.