वायरलेसचा पल्ला वाढवायचाय? आधी अँटेना वर चढवा

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या दिवसांत आपण जाळी शिवतो, इंजिन खोलतो. त्याच वेळी वायरलेसची अँटेनाही तपासावी. कोरगावातून हरमल-केरीच्या दर्यावर जाणाऱ्यांसाठी हा धडा.

"सेट कमी वॅटचा, म्हणून आवाज पोचत नाही," असं धक्क्यावर नेहमी ऐकतो. पण व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. क्षितिजाआड गेलेल्या होडीला २५ वॅटचा सेटही सहसा गाठत नाही.

हिशोब असा: अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा. समोरच्या अँटेनाचंही तसंच काढा आणि दोन्ही आकडे मिळवा.

▪️ दोघांचेही सेट हातात, १ मीटरवर: ८ किमी
▪️ दोघांच्याही अँटेना ४ मीटरवर: १६ किमी
▪️ होडीची ४ मीटरवर, किनाऱ्यावरची तेरेखोलसारख्या टेकाडावर, समजा २५ मीटरवर: जवळपास २९ किमी

उंची चौपट केली की पल्ला दुप्पट होतो. हा चांगल्या स्थितीतला अंदाज. होडी लाटेच्या खळग्यात गेली की पल्ला घटतो.

बसवताना एवढं बघा:

१. अँटेना उभीच हवी. लोखंडी खांब, तारा यांपासून शक्यतो १ मीटर लांब ठेवा.

२. केबल जाड आणि गरजेपुरतीच घ्या. १० मीटर बारीक आरजी-५८ केबलमध्ये साधारण तिसरा हिस्सा ताकद वाया जाते. जाड आरजी-२१३ मध्ये साधारण पाचवा.

३. जोडावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. खारं पाणी आत शिरलं की तांबं हिरवं पडतं आणि आवाज बसतो.

४. हलणाऱ्या लहान होडीला ३ डीबीची अँटेना बरी. ६ डीबीचा झोत चपटा असतो. होडी कलली की तो पाण्यात नाहीतर आभाळात जातो.

५. अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका, सेट जळू शकतो.

एआयएससुद्धा व्हीएचएफवरच चालतं, म्हणून त्याच्या अँटेनालाही हेच नियम.

चाचणी चॅनल १६ वर नको, कामाच्या चॅनलवर करा. १६ संकटासाठी आहे. इंजिन बंद पडून वारा बाहेर ओढू लागला, तर तुमची हाक ऐकू जाणं त्या अँटेनावरच असतं. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा.

आपल्या तांडेलांपर्यंत हे पोचवा. दर्यावर सुखरूप राहा!